तिसऱ्या गिअरपर्यंतची मजा

वेगवान गाडी तर घेतली, आता ती चालवायची कुठे आणि कशी, अशा अर्थाची पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: मी एकतीस वर्षांचा असून आमचा शेती औजारांचा व्यवसाय आहे. मागील दिवाळीत मी जुनी, पण उत्तम राखलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ घेतली. गाडी अप्रतिम आहे. मात्र ती वापरायला आपल्याकडे जागाच नाही, असे आता वाटू लागले आहे. द्रुतगती मार्गावर कॅमेरे, गावागावांत गतिरोधक आणि उरलेल्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर. दोनदा ई-चलन आले. वडील म्हणतात, विकून टाक. नियम न मोडता या गाडीची मजा घेता येते का, की मी गाडीच चुकीची घेतली? — एक वाचक, कराड

उत्तर: गाडी विकू नका. तिच्यात काही खोट नाही. तुम्ही तिची मजा भलत्या ठिकाणी शोधत आहात, एवढेच. २०२० साली या गाड्या आपल्याकडे अवघ्या २०० आल्या होत्या. इंजिन २४५ अश्वशक्तीचे आणि थांबलेल्या स्थितीतून शंभराचा वेग गाठायला कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ६.६ सेकंद. व्यवहारात याचा अर्थ असा की, पाय पूर्ण दाबल्यावर सात अंक मोजून होईपर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची शंभराची मर्यादा येऊन ठेपते आणि त्या वेळी गिअर फार तर तिसरा असतो. त्यापुढे उरते ते काटा एका जागी धरून बसणे, आणि ते काम तुमच्या वडिलांची गाडीही तितकेच चांगले करत असणार. सातव्या गिअरमध्ये शंभराने जाणारी आरएस ही किंचित कडक बसणीची, भल्यामोठ्या डिकीची घरगुती गाडी असते. तिचे वेगळेपण जाणवते ते वेग चढताना, उतरताना आणि दिशा बदलताना. म्हणूनच सरळ, रुंद आणि रिकामा रस्ता हा अशा गाडीसाठी सर्वांत कंटाळवाणा रस्ता होय, असे मी मित्रांना गेली अनेक वर्षे सांगत आलो आहे आणि तेही अनेक वर्षे हसत आले आहेत.

तुम्ही तर कराडला राहता. पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि पुढे कुंभार्ली घाट हा रस्ता तुमच्या दारातून निघतो. रविवारी पहाटे निघा. मात्र घाट उतरताना मजेची अपेक्षा ठेवू नका. उतारावर गाडी केवळ सांभाळायची असते: गिअर स्वतः खालचा निवडायचा, इंजिनाच्या ओढीने वेग धरून ठेवायचा आणि ब्रेकवर पाय सतत ठेवून ते तापवायचे नाहीत. खाली चिपळूणला निवांत नाश्ता करा आणि मजा परतीच्या चढावर घ्या. चढावर इंजिनाला खरे काम मिळते, ब्रेकना विश्रांती मिळते आणि चुकून वेग जास्त झाला तर चढ स्वतःच तो कमी करतो. घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची असते, हा नियमही तेव्हा तुमच्या बाजूने असतो. समोरच्याला तो माहीत असेलच असे मात्र धरून चालू नका.

आता एकच वळण जवळून पाहू. वळण येण्याआधी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक लावून वेग हवा तेवढा कमी करायचा आणि हाताने दुसरा गिअर घ्यायचा. नजर कठड्यावर किंवा बॉनेटवर न ठेवता वळणातून रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे न्यायची. स्टिअरिंग एकदाच, हवे तेवढेच वळवायचे आणि पुढचा रस्ता उघडा दिसू लागला की ते जसजसे सरळ होत जाईल तसतसा पाय हळूहळू दाबत जायचा. हे सगळे नीट जमले तर स्टिअरिंगमध्ये मध्येच दुरुस्ती करावी लागत नाही, गाडी जणू रुळावरून गेल्यासारखी जाते आणि पुढची चाके रस्त्याला धरून ओढत असल्याचे तळहातांना कळते. काटा तेव्हा चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असतो. दहा वळणांपैकी तीन मला मनासारखी जमली तर मी घरी खूश होऊन येतो, आणि मी ही कसरत पंचवीस वर्षे करत आहे.

किती वेगाने वळावे याचे माझे एकच माप आहे: जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो आहे, तेवढ्यात, आपल्याच बाजूला राहून, गाडी पूर्ण थांबवता आली पाहिजे. फलकावरील आकडा ही त्याची वरची हद्द असते. अनेक वळणांवर हे माप त्या आकड्याच्याही खाली येते. घाटात वळणापलीकडे काय असेल ते सांगता येत नाही. कठड्यावर खाऊच्या आशेने बसलेली माकडे असतात, डोंगरातून पाझरलेल्या पाण्याचा ओघळ असतो, आतल्या कडेला ट्रकच्या चाकांनी आणलेली खडी असते. दुधाच्या गाड्या पहाटेच निघतात आणि त्यांना वेळ गाठायची असते. तुमच्या भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की अंधारात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिवा किंवा परावर्तक नसताना समोर उभा राहतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या महिन्यांत मी स्वतः सूर्योदयापूर्वी तिकडे गाडी नेत नाही.

ताकदीचा आणखी एक उपयोग आहे, ज्याची फारशी कोणी वाखाणणी करत नाही. दुपदरी रस्त्यावर चाळीसने चाललेल्या ट्रकला ओलांडायचे आहे आणि समोरून साठने कोणी येऊ शकते, असे धरा. सरासरी पंचावन्नने ओलांडले तर दुसऱ्याच्या बाजूला सुमारे अकरा सेकंद काढावे लागतात आणि समोर साधारण ३५० मीटर रस्ता मोकळा लागतो. सरासरी सत्तरने ओलांडले तर साडेपाच सेकंद पुरतात आणि सुमारे २०० मीटर. तुमची गाडी हे दुसरे गणित सहज करते. अडचण एवढीच की, २०० मीटर पुरतात हे एकदा कळल्यावर माणूस २०० मीटरच शोधू लागतो. तुम्ही वाट साडेतीनशेची पाहा आणि वापरा दोनशे. उरलेले दीडशे मीटर तुमच्या गाडीने तुम्हाला दिलेले दान समजा.

चलनांबाबत थोडक्यात सांगतो. द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी सपाटीला १०० आणि घाटात ६० अशी मर्यादा असून कॅमेरे दोन्हीकडे आहेत. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवत नाही, झाला तर थोडा अधिक दाखवतो, त्यामुळे काट्याला दोष देण्याची सोय नाही. क्रूझ कंट्रोल लावा, गाणी ऐका आणि मजेचा विचार उर्से किंवा खालापूर टोलनाक्यानंतर करा. जाता जाता आणखी एक: पाण्याच्या तापमानाचा काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, इंजिन तेलाला मात्र त्याहून बराच अधिक वेळ लागतो. टर्बो गाडीला घरापासून पहिले दहा-बारा किलोमीटर हळू न्या आणि परतताना शेवटचे दोन-तीन किलोमीटरही.

प्रश्न: माझा चोवीस वर्षांचा मुलगा नोकरीला लागल्यावर त्याने फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेतली. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर तो चार मित्रांना घेऊन सिन्नरकडून समृद्धी महामार्गावर ‘गाडी मोकळी करायला’ जातो. रस्ता दीडशेसाठीच बांधला आहे, असे त्याचे म्हणणे आहे. मला गाड्यांतले काही कळत नाही. त्याला काय सांगू? — एक आई, नाशिक

उत्तर: ताई, मुलगा अर्धे खरे बोलतो आहे. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा आराखडा ताशी १५० किलोमीटर वेग धरून केला आहे. मोटारींसाठी वेगमर्यादा मात्र १२० आहे. आराखड्याचा वेग हा अभियंत्याने वळणांची त्रिज्या, चढ-उतार आणि दृष्टीचे अंतर ठरवण्यासाठी गृहीत धरलेला आकडा असतो. त्यात तुमच्या मुलाचे टायर किती जुने आहेत, त्याला झोप आली आहे का, समोर रानडुक्कर आले आहे का, यांतले काहीही धरलेले नसते.

त्याला एक गणित घालून पाहा, इंजिनाची अश्वशक्ती पाठ असलेल्या मुलांना गणित पटते. एक गाडी १२० ने आणि तिच्या शेजारून दुसरी १६० ने चालली आहे. दोघांना एकाच क्षणी अडथळा दिसतो, दोघांनाही पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागतो आणि दोघांचे ब्रेक सारखेच उत्तम आहेत. पहिली गाडी सुमारे १२० मीटरवर थांबते. ती जिथे थांबली, त्या जागेवरून दुसरी गाडी जाते तेव्हा तिचा वेग किती असेल? बहुतेक जण चाळीस म्हणतात. उत्तर १२० च्या थोडे वरच येते. दुसऱ्या गाडीने पहिल्या दीड सेकंदातच सुमारे ६७ मीटर न थांबता कापलेले असतात आणि गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढलेली असते. त्याने कागदावर मांडून पाहावे.

रात्री यात भर पडते. समोरच्याला त्रास न देणारा, खाली केलेला दिव्यांचा झोत साधारण पन्नास-साठ मीटर रस्ता दाखवतो. म्हणजे १२० ची गाडीदेखील न दिसणाऱ्या रस्त्यावरच धावत असते. सिमेंटचा तो लांबच लांब सरळ पट्टा डोळ्यांवर झापड आणतो, हे दिवसाही अनुभवास येते. गाडीत पाच जण असतील तर टायरमधील हवेचा आकडा वेगळा असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत तो पूर्ण भारासाठी निराळा छापलेला असतो आणि टायर थंड असताना भरायचा असतो. ‘लांब जायचे आहे, हवा थोडी कमी ठेव’ हा पंपावरचा सल्ला नेमका उलटा आहे: हवा कमी असली की टायरच्या भिंती दर फेऱ्याला अधिक दुमडतात, त्या दुमडण्याने उष्णता वाढते आणि टायर फुटतो तो बहुधा याच उष्णतेने. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते एकदा तुम्हीच वाचा. गाड्यांतले काही कळत नाही, हे मग कोणी तुम्हाला म्हणणार नाही.

मागे बसणाऱ्या तिघांनी पट्टे लावले आहेत का, हेही विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावरील दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी चांगली होती.

बंदी घालू नका, कारण चोवीस वर्षांचा मुलगा ती पाळणार नाही आणि तुम्हाला कळूही देणार नाही. शनिवार रात्रीऐवजी रविवार सकाळ, समृद्धीऐवजी एखादा वळणांचा रस्ता आणि चार मित्रांऐवजी एक, एवढे कबूल करून घेता आले तर पुष्कळ झाले. पाच जणांच्या गाडीत चालक गाडी चालवत नसतो, खेळ करून दाखवत असतो. मी त्या वयाचा होतो तेव्हा माझ्याकडे अवघी ३७ अश्वशक्तीची मारुती ८०० होती; तिच्यातही मी तेच केले. वाचलो ते केवळ तिच्या अशक्तपणामुळे.

प्रश्न: माझ्याकडे १.५ लिटर टर्बो इंजिनाची स्कोडा स्लाव्हिया, डीएसजी या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह आहे. एक ट्यूनर लॅपटॉपवरून ‘स्टेज वन’, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील नोंदी बदलून ताकद वाढवण्याची पहिली पायरी, करून द्यायला तयार आहे. ताकद पाऊणपट नाही तरी पाव पट वाढेल म्हणतो. करावे का? सोबत मोठा आवाज करणारा सायलेन्सरही सुचवला आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर: करू नये, असे माझे मत आहे आणि त्याचे मुख्य कारण इंजिन नव्हे, गिअरबॉक्स आहे. तुमच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर आहे. त्याला जोडलेल्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीची क्षमताही निर्मात्याने २५० न्यूटन-मीटर हीच ठरवलेली आहे. म्हणजे कंपनीने तिथे आधीच भांडे काठोकाठ भरून ठेवले आहे. अशा बदलाने (त्याला रिमॅप म्हणतात) टॉर्क वाढतो तो नेमका खालच्या आणि मधल्या आरपीएमला, जिथे क्लचवर ताण सर्वाधिक असतो. आणि घोडबंदर रस्त्यावर रोज तासभर इंच-इंच सरकणारा क्लच आधीच तापलेला असतो. माझ्या एका स्नेह्याची अशीच गाडी वर्षभर उत्तम चालली. नंतर पहिल्या गिअरला हिसके देऊ लागली. अधिकृत सेवा केंद्रात संगणक जोडताच बदल उघड झाला आणि वॉरंटीचा विषय पाच मिनिटांत संपला. ट्यूनरचा फोन त्यानंतर लागला नाही.

कागदपत्रांचा भाग दुय्यम नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दाव्यावर वाद होतो, आणि तो तुम्ही सर्वांत कमी बळाचे असता त्या वेळी होतो.

सायलेन्सरबद्दल मी अधिक कठोर आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडल्यानंतर वेगवान गाडीकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, ते मी स्वतः अनुभवतो. सिग्नलला उभे असतानाही ती नजर जाणवते आणि ती चुकीची आहे, असे मी म्हणू शकत नाही. रात्री साडेअकराला सोसायटीच्या फाटकात फटाके फोडणारी गाडी त्या नजरेत भरच घालते. त्याच पैशांत चार उत्तम टायर येतात. टायर हा गाडीतला एकमेव बदल असा आहे की, त्याने वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुधारतात, आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न: गाडीची पूर्ण क्षमता एकदा तरी अनुभवायची आहे. आपल्या देशात त्यासाठी अधिकृत जागा आहेत का? तिथे ईएससी (गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करून चालवावे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर: आहेत, पण तुम्हाला प्रवास करावा लागेल. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा ५.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, २०११ ते २०१३ या वर्षांत तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे येथे जुने, नावाजलेले ट्रॅक आहेत. स्वतःची गाडी घेऊन जाता येईल असे ट्रॅक-डे अशा ठिकाणी वेळोवेळी भरतात, तारखा आधी विचारून घ्याव्यात. तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे इंदूरलगतचे पीथमपूर. तिथल्या चाचणी केंद्राचा अतिवेगाचा ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे, पण तो मुख्यतः वाहन उद्योगासाठी आहे.

जाण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीला ब्रेकचे पेडल मऊ पडून खाली जाऊ लागते. विम्याची अटही वाचा: सर्वसाधारण मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसते. ईएससी ट्रॅकवरही पहिल्या दिवशी चालूच ठेवा. ती मदतीला धावली की डॅशबोर्डवर तिचा दिवा लुकलुकतो; तो किती वेळा लुकलुकला, हीच तुमची गुणपत्रिका. रस्त्यावर ती बंद करण्याचे बटण अस्तित्वात नाही, असे समजा. गाडी चिखलात रुतली असेल तेवढा एक अपवाद.

प्रश्न: माझ्या यजमानांना गाडी चालवण्याची फार आवड आहे आणि गेल्या वर्षी त्यांनी हौसेने मोठी, वेगवान गाडी घेतली. ते नियम मोडत नाहीत, वेगही बेताचाच असतो, तरीही आंबा घाटात मला आणि मुलीला हमखास मळमळते. जुन्या गाडीत असे होत नव्हते. दोष गाडीचा की आमचा? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: बहुधा दोहोंपैकी कोणाचाच नाही. ताकदवान गाडीत पाय थोडा दाबला तरी ती झेपावते आणि थोडा उचलला तरी थबकते. चालकाच्या हाती स्टिअरिंग असते, पुढे काय होणार हे त्याला आधीच ठाऊक असते, म्हणून त्याचे शरीर तयार असते. तुमची मान मात्र प्रत्येक वेळी उशिरा पोहोचते. वेग बेताचा असूनही मळमळ होते ती या लहान लहान हिसक्यांमुळे.

माझ्या आईने हा प्रश्न माझ्यापुरता सोडवला होता. ती गावी जाताना ताकाची बरणी मांडीवर घेऊन बसायची, झाकण मुद्दाम सैल. कशेडीच्या घाटात पदरावर पहिला डाग पडला की ती काही बोलत नसे, फक्त रुमाल काढत असे. त्या रुमालाच्या भीतीने मी ब्रेक आधी आणि हलका लावायला शिकलो, थांबण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी पेडल किंचित सोडायला शिकलो, आणि वळणात शिरल्यावर पाय स्थिर ठेवायला शिकलो. आज ज्याला लोक चांगले ड्रायव्हिंग म्हणतात, ते माझ्या बाबतीत बरेचसे त्या बरणीतून आले आहे.

यजमानांना सांगा की, स्पोर्ट मोड तुम्ही दोघी गाडीत असताना बंद ठेवावा, साखरप्याच्या पुढे घाट सुरू झाला की गिअर स्वतः निवडावेत आणि एकाच गिअरमध्ये जितकी वळणे घेता येतील तितकी घ्यावीत. मुलीला पुढे बसवता येत नसेल तर मागे मधल्या जागी, समोरचा रस्ता दिसेल अशी बसवा; पट्टा लावून, आणि मोबाइल न देता. तुमच्या मांडीवर बरणी ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा. ठेवलीत तर आधी त्यांना सांगू नका.